पाच मिलिमीटर मागे, घाटात पुढे!

सायकल भारीतली घेतली, बूट त्याहून भारी. पण बुटाच्या तळाला ते इवलंसं लोखंड नेमकं कुठे बसवायचं, हे कुणाला विचारायचं राहूनच गेलं. त्याची किंमत कळली ती थेट घारगावच्या पुलावर!

‘यंदा भाऊबीजेला सायकलवर घरी जाणार!’ ही घोषणा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये महिनाभर आधीच करून टाकली होती. पुणे ते संगमनेर, साधारण १४० किलोमीटर. भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा... सगळा आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिलेला रस्ता. त्यात अवघड ते काय? सहा महिने दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात होतो. नवीन सायकल होती. आणि पंधराच दिवसांपूर्वी घेतलेले क्लिपलेस पेडल आणि बूटही होते. फोटोत तर मी अगदी प्रो दिसत होतो.

नारायणगावपर्यंत सगळं मस्त. आळेफाट्याला मिसळ खाताना उजव्या पायाची बोटं जरा बधिर वाटली. म्हटलं, बसल्यामुळे असेल. बोटा आलं, म्हणजे आपला जिल्हा आला (पाटीवर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगर), आणि तळपायाखाली कुणी निखारा ठेवल्यासारखी आग सुरू झाली. पोटऱ्या दगड झाल्या. घारगावला मुळा नदीच्या पुलावर उतरलो आणि कठड्याला टेकून बूटच काढून टाकले. पुढे चंदनापुरीचा घाट होता आणि घर वीसेक किलोमीटरवर.

शेवटचे वीस किलोमीटर मी कांद्याच्या रिकाम्या टेम्पोत, सायकलीला मिठी मारून केले. ताई ओवाळणीचं ताट घेऊन दुपारपासून थांबली होती. तिने ओवाळलं आणि एवढंच म्हणाली, ‘फोन केला असतास तर दाजींनी गाडी आणली असती ना रे.’ त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

ही भानगड आहे तरी काय?

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायकलिंगच्या खास बुटांचा तळ कडक असतो आणि त्याला खालून एक छोटा तुकडा स्क्रूने बसवतात, ती क्लीट. ती पेडलमधल्या स्प्रिंगच्या खाचेत ‘टक’ करून अडकते. पाय पेडलवरून घसरत नाही, उभं राहून चढ मारताना भरवसा वाटतो. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. सिग्नलला हे विसरलात तर अख्ख्या चौकासमोर आडवे! ते प्रत्येकाचं एकदा होतंच, माझं कर्वे रोडला झालं.

रोडच्या बुटांना तीन स्क्रूंची मोठी प्लॅस्टिकची क्लीट लागते. एमटीबी आणि टूरिंगच्या बुटांना दोन स्क्रूंची छोटी, स्टीलची. हिला सगळे एसपीडी म्हणतात, कारण शिमानोने १९९० मध्ये ती या नावाने आणली. ती तळाच्या खोबणीत बसते, त्यामुळे टपरीवर चहाला उतरलं तर माणसासारखं चालता येतं. आपल्याकडच्या रस्त्यांना आणि टपऱ्यांना हीच बरी.

आता खरी गोम. या क्लीटसाठी बुटाच्या तळाला लांबट खाच असते. क्लीट पुढे, बोटांकडे सरकवता येते. मागे, टाचेकडेही सरकवता येते. मग बसवायची कुठे?

मी काय केलं? आमच्या टीम लीडने बसवली होती तश्शी बसवली. तो शर्यती मारतो, स्प्रिंटमध्ये भल्याभल्यांना मागे टाकतो. त्याच्या बुटाचा फोटो काढला आणि त्यात पाहून माझी क्लीट पार पुढे, बोटांच्या अगदी जवळ आवळून टाकली. त्याच्याकडे बारा वर्षांच्या पोटऱ्या आहेत आणि माझ्याकडे बारा वर्षांची खुर्ची, हा छोटासा फरक लक्षातच आला नाही!

अण्णांची बैलगाडी

भाऊबीजेच्या रात्री ओसरीवर पाय गरम पाण्यात टाकून बसलो होतो. अण्णांनी बूट उचलला, उलटा केला, क्लीटवर अंगठा फिरवला.

‘हे पेडलात अडकतं?’

‘हो.’

‘म्हंजी गाडीचा आख हितं आला. अन् तुझं सगळं पाऊल आखाच्या मागं लटाकलं. आरं, ही तर उलार गाडी झाली!’

गावाकडच्यांना समजावून सांगायची गरज नाही, पण शहरी मंडळींसाठी सांगतो. बैलगाडीत ओझं आखाच्या फार मागे भरलं, तर गाडी मागे कलते, पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ती गाडी उलार. ओझं फार पुढे भरलं, तर सगळा भार बैलांच्या मानेवर. कारखान्याला ऊस घालायच्या दिवसांत अण्णा गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी जू हाताने उचलून बघत. फार हलकं नको, फार जड नको. मोळ्या पुढेमागे सरकवायच्या आणि पुन्हा बघायचं.

मी चाट पडलो. कारण नंतर जेवढं वाचलं, जेवढ्या जाणकारांना विचारलं, त्या सगळ्याचं सार अण्णांच्या त्या एका शब्दात होतं. पेडलचा दांडा म्हणजे आख. क्लीट जितकी पुढे, तितकं पाऊल दांड्याच्या मागे लोंबतं. मग टाच खाली पडू नये म्हणून तिला दर फेरीला उचलून कोण धरतं? पोटरी आणि टाचेमागची शीर. म्हणजे आपले बैल! शिवाय सगळा दाब बोटांमागच्या हाडांच्या छोट्याशा जागेवर येतो. तिथल्या नसा चेपल्या की आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग निखारा. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तरी तासाला प्रत्येक पायाच्या ४,८०० होतात. पुण्याहून घारगावापर्यंतचा हिशेब तुम्हीच करा.

पण मग टीम लीडचं काय चुकलं? काहीच नाही. क्लीट पुढे असली की घोट्याचा झटका मिळतो, छोट्या जोरदार स्प्रिंटला ते बरं पडतं. त्याची शर्यत तासाभराची. माझा रस्ता दिवसभराचा. गाडी त्याची वेगळी, ओझं वेगळं.

बर्फावरचे भाऊबंद

गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप मुळात सायकलवाल्यांचा नाहीच, तो आला बर्फावरून. फ्रान्समधली लुक ही कंपनी स्कीची बाइंडिंग बनवायची. बाइंडिंग म्हणजे स्कीच्या लांब पट्टीला बूट पकडून ठेवणारा आणि पडल्यावर पाय मोडायच्या आत सोडून देणारा सापळा. हीच कल्पना त्यांनी पेडलला लावली आणि १९८४ मध्ये पेडल बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार्ड हिनॉल्टने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. त्याआधी पाय चामड्याच्या पट्ट्यांनी पेडलला बांधायचे. त्या पट्टीच्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. ती गेली, म्हणून नव्या पेडलचं नाव ‘क्लिपलेस’. अडकतं तरी क्लिपलेस!

आणि बाइंडिंग कुठे बसवायचं, हा वाद स्कीवाल्यांमध्ये आपल्याहून जोरात चालतो. सरळ उतारावर जाणाऱ्या नेहमीच्या स्कीवर बूट मध्यापासून काही सेंटिमीटर मागे असतो. पुढचं टोक लांब राहतं, वेगात स्की स्थिर राहते, भुसभुशीत बर्फात टोक वर तरंगतं. पण टेरेन पार्कमधली पोरं वेगळीच. तिथे बर्फाचे रॅम्प असतात, लोखंडी रेल असतात. हवेत गिरक्या मारायच्या आणि कधी कधी उलटं, पाठमोरं उतरायचं. त्यांना पुढचं आणि मागचं टोक जवळपास सारखं हवं, म्हणजे फिरताना वजन दोन्हीकडे समान. म्हणून ते बाइंडिंग अगदी मध्यावर किंवा मध्याच्या एक-दोन सेंटिमीटर मागे लावतात. त्याची किंमतही मोजतात. तीच स्की खोल बर्फात नेली की पुढचं टोक बुडायला लागतं.

म्हणजे मध्यावर बसवणं बरोबर की मागे? दुकानदार हे सांगू शकत नाही. त्याने आधी विचारायला हवं, तू जाणार कुठे? आणि तिथे चूक महागात पडते, कारण स्कीला ड्रिलने भोकं पाडावी लागतात. जागा बदलायची तर जुनी भोकं बुजवून नवी पाडायची, आणि ती फार जवळ आली तर स्की कमजोर होते. गुलमर्ग किंवा औलीला भाड्याच्या स्कीवर जाऊन आलेल्यांना हे कळतही नाही. भाड्याच्या स्कीवर बाइंडिंग बहुधा पट्टीवर पुढेमागे सरकणारं असतं.

आपण त्या मानाने नशीबवान. चार एमएमची ऍलन की आणि दहा मिनिटं. चुकलं तर पुन्हा सैल करा!

पहिला उत्साह, दुसरी आपटी

पण नवशिक्याचा उत्साह काय वर्णावा! क्लीट पुढे असणं वाईट, तर मागे असणं चांगलं, आणि खूप मागे असणं खूप चांगलं, असा हिशेब करून मी दुसऱ्याच दिवशी ती खाचेच्या पार मागच्या टोकाला नेली. संगमनेरहून अकोल्याला निघालो. पोटऱ्या खूश, बोटं खूश. अकोल्याच्या बाजारात गर्दीत हळू वळताना मात्र बुटाचं टोक पुढच्या चाकाला अडकलं आणि मी भेळेच्या गाडीसमोर लोटांगण घातलं. क्लीट मागे नेली की पाऊल पुढे सरकतं, त्याचा हा प्रसाद. शिवाय गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी वाटत होती. कारण क्लीट मागे गेली की पाय पेडलपर्यंत पोचायला जास्त ताणावा लागतो, म्हणून सीट थोडी खाली घ्यावी लागते. हे मला ठाऊकच नव्हतं.

मग शहाण्यासारखं पहिल्यापासून सुरू केलं. बूट घालून उभं राहायचं. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा गोळा लागतो, बुटावर तिथे पेनने खूण करायची. करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला तसाच दुसरा गोळा, तिथे दुसरी खूण. करंगळीची खूण नेहमी मागे येते. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मधे कुठेतरी यायला हवा, ही सुरुवातीची जागा. पूर्वी दांडा अंगठ्याच्या गोळ्याखालीच हवा असं सांगायचे. आता बरेच जण थोडं मागे सुचवतात, आणि लांब पल्ल्याचे कितीतरी सायकलस्वार त्याहून मागे जातात.

माझी पहिली जागा अंगठ्याच्या खुणेच्याही पुढे होती. शेवटी ती तिथून पाच मिलिमीटर मागे आली. सीट तीन मिलिमीटर खाली. एवढंच. पाच मिलिमीटर म्हणजे तुमच्या पेन्सिलीची जाडीही नाही!

भंडारदऱ्याची परीक्षा

जानेवारीतल्या एका शनिवारी सायकल शेंडीला नेली. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाजवळचं गाव. धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघर करत पुन्हा शेंडीला येतो. एकीकडे रतनगड, दुसरीकडे लांबवर १,६४६ मीटरचं कळसूबाई. चढ-उतार सारखे चालू, आणि मधे मधे डांबर असं उखडलेलं की एमटीबीवाल्यांना घरच्यासारखं वाटावं.

माझी खरी परीक्षा पायांची होती. रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंदिराच्या पायरीवर बसलो आणि सवयीने बूट काढायला वाकलो. लक्षात आलं की काढायची गरजच नाही. बोटं जिवंत होती! साम्रदकडच्या खडबडीत उतारावर दुसरी गोष्ट कळली. उतारावर आपण पेडलवर उभे राहतो, टाचा थोड्या खाली सोडतो, हादरे पायांनी पितो. क्लीट पुढे होती तेव्हा तिथे बोटांच्या टोकांवर तोल सांभाळल्यासारखं व्हायचं. आता तळपायाच्या भक्कम भागावर उभा होतो. डाउनहिल आणि उड्या मारणारे एमटीबीवाले क्लीट मागे का नेतात, ते तिथे पायांना समजलं. टेरेन पार्कमधल्या पोरांसारखंच त्यांनाही आधी उतरायचा विचार करावा लागतो, ढकलायचा नंतर. कितीतरी जण तर क्लीट लावतच नाहीत. काटेरी सपाट पेडल, साधे चिकट सोलचे बूट आणि पाय हवा तिथे. तुम्ही खडबडीत वाटांवर नवे असाल तर खुशाल तेच वापरा. कमीपणा काही नाही.

सगळं काही गोड झालं असं मात्र नाही. घाटघरकडच्या एका चढावर उभं राहून जोर मारला तेव्हा पूर्वीचा तो घोट्याचा झटका जाणवला नाही. शर्यतवाला असतो तर खटकलं असतं. मी नाही. मला दिवसभर चालवायची होती.

आपल्याकडे दिवसभर सायकल चालवणाऱ्यांची वानवा नाही. शेजारच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या टीमने पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. आता आयटीतली पोरंपोरी २०० किलोमीटरच्या ब्रेवेला सर्रास नावं देतात, वेळ साडेतेरा तास. सायकलीच्या वजनावर, गिअरवर, टायरवर तासन्‌तास बोलतात. बुटाखाली मात्र कुणी बघत नाही. आपलं आणि सायकलचं नातं पाच जागी टेकतं. दोन हात, दोन पाय, एक बूड. त्यातली दोन ठिकाणं आपण मित्राच्या फोटोवर सोडून देतो!

चौकट : ऍलन की हातात घेण्याआधी

• आधी ठरवा, तुम्ही जाणार कुठे. तासाभराच्या जोरदार राइड, दिवसभराचा हायवे की खडबडीत वाट? लांब आणि खडबडीतला थोडी मागे.
• दोन्ही खुणा प्रत्येक पायावर वेगळ्या करा. दोन पाय क्वचितच सारखे असतात.
• हलवण्याआधी जुन्या क्लीटभोवती मार्करने रेघ मारा. परतीचा रस्ता राहील.
• एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा आणि दोन-तीन राइड करून बघा. मोठ्या राइडच्या आदल्या रात्री तर मुळीच नको.
• क्लीट बरीच मागे नेली तर सीट किंचित खाली घ्या. हळू वळताना बूट चाकाला लागत नाही ना, ते गल्लीतच तपासा.
• क्लीटचा कोनही बघा. खुर्चीच्या कडेवर बसून पाय लोंबू द्या. पंजा जसा सहज बाहेर किंवा आत वळतो, तसाच क्लीटमध्ये राहायला हवा. जबरदस्तीने सरळ केलात तर गुडघा बोलेल.
• शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळी ६ अंश हलू देते, निळी २, लाल अजिबात नाही. नवशिक्याने पिवळी घ्यावी.
• शहरी ट्रॅफिकसाठी पेडलमधल्या स्प्रिंगचा छोटा स्क्रू सुरुवातीला सैल ठेवा, पाय पटकन सुटतो.
• स्क्रूला थोडं ग्रीस लावा आणि ५ ते ६ न्यूटन मीटरपर्यंत आवळा. पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा. सैल क्लीट पाय सोडतच नाही!
• बूट घट्ट असेल तर क्लीट कुठेही न्या, बोटं बधिर होणारच. उन्हात पाय सुजतात, बूट संध्याकाळी घ्या.
• गुडघेदुखी दोन आठवड्यांत गेली नाही तर फिजिओला गाठा. ऍलन की हे औषध नव्हे.

पुन्हा भाऊबीज

गेल्या भाऊबीजेला पुन्हा निघालो. या खेपेला कँटीनमध्ये कुणाला काही बोललो नाही. पहाटे चारला भोसरी सोडली. आळेफाट्याला मिसळ. घारगावच्या पुलावर मुद्दाम थांबलो, कठड्याला टेकून पाणी प्यायलो, बूट काढले नाहीत. चंदनापुरीच्या घाटात श्वास लागला, मांड्या भरून आल्या, पण ती दुखणी कमावलेली होती.

दुपारी दीडला दारात पोचलो. ताई ओवाळणीचं ताट अजून मांडतच होती. ‘आलास पण?’ म्हणाली आणि घाईघाईने निरांजन लावायला गेली.

अण्णा बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ बूट उचलला, उलटा केला, क्लीटवर अंगठा फिरवला.

‘जू बरोबर हाय आता,’ म्हणाले. ‘आधी त्या बैलांना पाणी दाखीव, मग पाटावर बस.’